टोळाच्या पोटातली वाळू

तुम्ही तराजू आणलात तो चोर पकडायला. चोर कधीच पळाले, तराजू तेवढा उरला, आणि आता त्याच तराजूत तुम्ही प्रामाणिक माणसं घालता. हा आरोप आहे, विनंती नाही. तुमच्या कचेरीला लिफ्ट आहे. विव्हळणाऱ्या माणसाला पाचव्या मजल्यावरून खाली आणायची पाळी तुमच्यावर कधी आली नाही, तरी त्याला आणायची खुर्ची किती जड असली पाहिजे हे ठरवलं तुम्हीच. किती मजबूत असावी, ते नाही. किती जड! या दोन गोष्टींतला फरक तुमच्या डोक्यात शिरला असता तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

आता आली आहे, तर ऐका.

ती अँब्युलन्सवर होती. चालवायला नाही, उचलायला. उंची बेताची, अंगाने काडी, म्हणून केंद्रातल्या टारगटांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव मुंगी ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं. मग एकदा तिने आणि तिच्या जोडीदाराने एका अगडबंब हलवायाला गच्चीवरून रस्त्यापर्यंत आणलं, मध्ये कुठेही न टेकता, आणि त्या दिवसापासून तेच नाव लोक जरा सांभाळून घ्यायला लागले. जोडीदाराचं नाव खांब. सहा फुटांच्या वर उंच, बोलणं कमी, भूक फार. जिना उतरताना उंच माणूस खालच्या बाजूला आणि बुटका वरच्या बाजूला, तरच खुर्ची सरळ राहते. त्यामुळे या दोघांची जोडी म्हणजे जणू जिन्यासाठीच मापून घेतलेली.

अरुंद जिन्यांच्या इमारतीत स्ट्रेचर वळत नाही. तिथे खुर्ची लागते. पाठीमागे वर दोन दांड्या, पायांशी खाली दोन दांड्या, मध्ये पट्ट्यांनी बांधलेला माणूस. केंद्राची खुर्ची लोखंडी होती. तिला सगळे गेंडा म्हणत. तेवीस किलो. म्हणजे माणूस बसायच्या आधीच हात भरून आलेले.

त्यात कचेरीने कसोटी काढली. दर वर्षी प्रत्येक उचलणाऱ्याने जोडीदाराबरोबर गेंड्यात पूर्ण वजनाचा पुतळा बांधून तो पाचव्या मजल्यावरून खाली आणायचा, न थांबता. जमलं नाही तर फोनवर बसायचं. केंद्रात उचलणाऱ्या बायका तीन होत्या. दोघी आता फोनवर होत्या. उरली होती मुंगी. मागच्या कसोटीत तिने दातओठ खाऊन पुतळा खाली आणला आणि हसत हसत घरी जाऊन फरशीवर पालथी पडली ती जेवायलाही उठेना. पुढच्या वेळी गेंडा आपल्याला फोनवर पोचवणार हे तिला तिच्या कंबरेने केव्हाच सांगून टाकलं होतं.

फोनवर बसणं वाईट असं नाही. पण ते तिचं काम नव्हतं. दार उघडतं, घाबरलेली माणसं एका बाजूला होतात, आणि आपण आत जाऊन म्हणतो, "चला, मी धरलंय," हे तिचं काम होतं. ते कुणी काढून घ्यायला निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"बायकांनी उचलू नये असं थोडंच म्हणतात ते," नवरा एकदा समजुतीच्या सुरात म्हणाला. तो पावाच्या भट्टीवर होता, मैद्याची पोती वाहायचा. "मीही उचलतो की. एवढं काय त्यात?"

"तुझं पोतं ओरडतं का?" फरशीवरूनच तिने विचारलं.

"नाही."

"जिन्यात उलटी करतं?"

"नाही बाई."

"मग गप्प बस आणि माझ्या पाठीवर पाय दे."

त्याने पाय दिला. दारात तिचा दीर उभा होता, हातात सायकलचं एक चाक घेऊन. तो मागच्या गल्लीत शर्यतीच्या सायकली बांधायचा, आणि हलकेपणाचं त्याला वेडच होतं. वेड म्हणजे वेड. दात घासायचा ब्रश त्याने अर्धा कापलेला. किल्ल्यांच्या डोक्यांना भोकं. घरातल्या चमच्यांच्या दांड्यांनाही त्याने भोकं पाडली होती. नवरा म्हणायचा, एक दिवस हा दाराच्या कडीला इतकी भोकं पाडेल की चोराला फुंकर मारून आत येता येईल.

"वहिनी, ती खुर्ची आहे तरी केवढ्याची?" दिराने विचारलं. "वजनाने म्हणतोय."

"तेवीस."

त्याने चाक भिंतीला टेकवलं. "तेवीस? तेवीस किलोत मी तीन सायकली देतो, वर घंटी फुकट. कुणी बनवली ती? रणगाडेवाल्याने?"

"भाऊजी, तोंड चालवण्यापेक्षा हात चालवा. करून दाखवता?"

एवढं त्याला पुरे होतं.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला नळ्या, दुसरीला कानशी, मध्ये नळी आवळून धरणारा शिकंजा आणि त्याच्याखाली पितळेचा कीस. मुंगी ड्यूटी संपली की तिथे जायची. तो बोलत काम करायचा आणि बोलण्यात आपलं कौतुक सोडून दुसरं काही नसायचं, पण हात खरे होते. नळीवर नखाने टिचकी मारून तो तिला आवाज ऐकवायचा. टोकाशी बद्द, मध्ये टण्ण. "जोड असतो तिथे जाड. मध्ये ताण कमी, तिथे पातळ. मध्ये जाडी कशाला पाहिजे? तिथे ती काय करते? नुसती बसून खाते. फुकट्या पाहुण्यासारखी." मग तो बाहेर जाऊन भिंतीकडेचं उंच गवत उपटून आणायचा. "ही काडी बघा. आतून पोकळ, मध्ये मध्ये गाठी. हिच्या उंचीच्या मानाने आपली इमारत धरली तर ती ढगात जाईल. वाऱ्यात झोपते, वारा गेला की उठते. आणि पक्षी घ्या. हाडं पोकळ, पिसाचा दांडा पोकळ. त्याला कुणी काट्यावर घालून पास केला होता का? उडाला, म्हणजे पास!"

"भाऊजी, दांडी माझ्या हाताला जाड होतेय."

"तुमचा हातच लहान."

"मग दांडी लहान करा. हात वाढणार नाही माझा."

तो कुरकुरायचा आणि करायचा. वळणं घेताना मात्र तो गप्प व्हायचा. पातळ नळी तशीच वाकवली तर वळणाशी चेपते. म्हणून आधी तिच्यात कोरडी बारीक वाळू भरायची, लाकडी हातोडीने ठोकत ठोकत दाबून बसवायची, दोन्ही टोकांना बुचं मारायची आणि मग आच देऊन वाकवायची. वाळू आतून नळीला धरून ठेवते. वळण गार झालं की बुचं काढायची, वाळू डब्यात परत. सायकलवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. वाळू आत जाते ती बाहेर येण्यासाठीच.

खुर्ची झाली तेव्हा मुंगीने ती एका हाताने उचलली आणि तिला मोठ्याने हसूच आलं. आठ किलो. दुमडली की टोळासारखी दिसायची, लांब पाय मागे घेऊन बसलेल्या. नाव तिथेच पडलं. टोळात मोठ्या भावाला बसवून दिराने स्वतः त्याच्या मांडीवर उडी मारली. टोळ वाकला, कुरकुरला नाही, आणि दोघे उठल्यावर पुन्हा जसाच्या तसा.

केंद्रप्रमुखाला खुर्ची आवडली. पण नवी वस्तू वापरायची तर तपासनीसाचा शिक्का हवा. तपासनीस म्हणजे काटेवाले साहेब. कुठेही गेले की त्यांच्या गाडीतून काटा उतरायचा आणि मग साहेब. त्यांनी टोळ काट्यावर ठेवला, आकडा बघितला, खुर्ची धरून गदागदा हलवली.

"हलते."

"हलू द्या की," दीर म्हणाला. "हलते म्हणून मोडत नाही. जे हलत नाही ते एकदम तुटतं."

"हे खेळणं आहे. नियमाप्रमाणे निदान चौदा किलो पाहिजे."

"चौदा किलो कशासाठी, साहेब?" मुंगीने विचारलं. "आत माणूस बसवायचाय, तो स्वतःचं वजन घेऊनच येतो."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. माणूस मूर्ख नव्हता, हे इथेच सांगून टाकायला हवं. मूर्ख असता तर राग सोपा झाला असता. "मी नवीन होतो तेव्हा," ते म्हणाले, "ठेकेदार पत्र्याची खुर्ची द्यायचे, वरून जाड रंग. दिसायला बुलंद. एकीचा पाय जिन्यात मुडपला. आजीबाई होत्या आत. मी खाली उभा होतो. त्या दिवसापासून मी वजन करतो. कमी वजन म्हणजे कुणीतरी काहीतरी खाल्लंय."

"मी खाल्लं नाही," दीर तडकला, "मी काढलंय! फरक आहे!"

"काट्याला फरक कळत नाही," साहेब म्हणाले आणि काटा गाडीत चढला.

चूक झाली ती यानंतर, आणि ती मुंगीची होती. दिराने तर रागाने खुर्ची कोपऱ्यात फेकून दिली होती. शिकंज्यात एका सायकलची नळी होती, वाळूने भरलेली, बुचं मारलेली. मुंगीने ती उचलून बघितली. मग पुन्हा खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

"भाऊजी, ही केवढी जड लागते हो."

"वाळू आहे आत."

"टोळात किती मावेल?"

त्याने तिच्याकडे बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच वेळी एकच चावट हसू आलं. काट्याला फरक कळत नाही ना? मग घे म्हणावं. शिक्का मारून घ्यायचा, साहेबांची पाठ वळली की बुचं काढायची, वाळू डब्यात, टोळ परत आठ किलोंचा. वाळू बाहेर येण्यासाठीच तर आत जाते!

दुसऱ्यांदा काटेवाले साहेब आले, काट्याने चौदाच्या जरा वरचा आकडा दाखवला. साहेबांनी खुर्ची हलवली. "आता कशी भरीव वाटते," ते म्हणाले. "बघा, जमतं की मनात आणलं तर." दीर खाली बघून ओठ चावत होता. मुंगीने गंभीर चेहरा करून मान डोलावली. आणि मग साहेबांनी खिशातून तार आणि शिसं काढलं आणि नळ्यांच्या चारही बुचांना सील ठोकलं. कुणी नंतर काही काढू नये म्हणून. दर तिमाहीला येऊन वजन करीन, म्हणाले.

म्हणजे वाळू आतच राहिली.

तरी चौदा म्हणजे तेवीस नव्हेत. मुंगीची पाठ पुन्हा तिची झाली. कसोटीही आता शिक्क्याच्या खुर्चीवरच व्हायची होती, त्यामुळे पुढच्या वर्षाची भीती गेली. टोळ दांड्यांवर छान बसायचा, वळणाला अडायचा नाही. खांबालाही आवडला. "हात लांब व्हायचे थांबले माझे," एवढंच तो म्हणाला, पण त्याच्या मानाने ते भाषण होतं. वाळूचं त्याला तिने सांगितलं नाही. कशाला सांगायचं? सगळं तर सुरळीत चाललं होतं. दिराने मात्र एकदा विचारलं होतं, "वहिनी, आवाज वगैरे येत नाही ना?" आणि ती म्हणाली होती, "कसला आवाज? तुम्ही ठोकून बसवलीय ना?"

ठोकून बसवली होती. पण शिकंज्यात नळी तासभर असते. आणि टोळ महिनोन्‌महिने अँब्युलन्सच्या भिंतीला टांगलेला, खड्ड्याखड्ड्यांत हादरत. हादरून हादरून ती वाळू आणखी दबली, वर जागा मोकळी झाली, आणि एके दिवशी ती सुटली. हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सायकल बांधणाऱ्यांच्या कुठल्याही पिढीने वाळू भरलेली नळी कधी रस्त्यावर आणलीच नव्हती, तर कळणार कुठून?

चौथा मजला. एक निवृत्त मुख्याध्यापिका न्हाणीघरात पडलेल्या, मांडीचं हाड गेलेलं, जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. टोळात बांधताना त्यांनी मुंगीला पट्टा नीट लावायला शिकवलं, खांबाला केस कापायला सांगितलं. पहिला जिना झाला. वळणाच्या सपाट जागेवर दोघांनी खुर्ची आडवी केली, फिरवली, आणि खांबाने पुढच्या जिन्यावर खाली पाऊल टाकलं. खुर्ची कलली. आणि मुंगीच्या तळव्यांखाली नळीतून काहीतरी सुर्रकन धावलं.

सगळी वाळू एकदम खालच्या टोकाला. खालच्या दांड्या खांबाच्या हातात अशा आदळल्या की त्याचं उजवं मनगट उलटं वळलं. तो ओरडला, गुडघ्यावर आला, पण त्याने खुर्ची छातीवर घेतली. मुंगीने वरून सगळं अंग मागे टाकून दांड्या धरल्या, टाच कठड्याच्या गजात अडकवली. बाई सुटल्या नाहीत. एक पायरीही घसरल्या नाहीत.

"मला पाडायचंच असेल," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तर आधी सांगून पाडा."

शेजारचे दोघे धावले, बाईंना सुखरूप खाली नेलं. खांबाचं मनगट सुजून वांग्याएवढं झालं.

दुसऱ्या दिवशी काटेवाले साहेब केंद्रात हजर. टोळ काट्यावर ठेवला. वजन बरोबर. सीलं शाबूत. जोड पक्के. मग साहेबांनी जो निष्कर्ष काढला तो काढायला काट्याचीही गरज नव्हती. खुर्ची ठीक आहे, म्हणजे माणूस कमी पडला. खालचा माणूस सहा फुटी आणि वरची एक मुंगी. "वरून हात सुटला," साहेब म्हणाले. "दोष देत नाही. शरीराची मर्यादा असते. सोमवारपासून फोन."

"तिचा हात सुटत नाही," खांब म्हणाला. हात गळ्यात अडकवलेला होता.

"मग काय झालं?"

खांबाने मुंगीकडे बघितलं. मुंगीने हात पाठीमागे घेतले. तो सुर्र आवाज अजून तिच्या तळव्यांत होता.

त्या संध्याकाळी घरात जुंपली. दिराची पाचावर धारण बसली होती. "सांगितलंत तर टोळ गेलाच, मीही गेलो," तो म्हणाला. "कचेरीला फसवलं म्हणजे काय होतं माहीत आहे? मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?" नवरा म्हणाला. "हिचा हात सुटला असं कायमचं चिकटेल. आणि पुढे जी कुणी बाई उचलायला येईल तिला हेच ऐकवतील. ती मुंगी नव्हती का, तिचा सुटला होता."

"दादा, तू पोती उचल!"

"पोतीच उचलतोय. तुम्ही दोघांनी वाळूची उचललीत."

मुंगीने चपला घातल्या. "कुठे?" दोघांनी एकदम विचारलं.

"ज्याचं मनगट गेलं त्याच्याकडे. त्याला साहेबांच्या आधी कळलं पाहिजे."

खांब डाव्या हाताने जेवत होता आणि अर्धं अन्न टेबलावर सांडत होता. तिने उभ्यानेच सांगून टाकलं. त्याने घास तसाच ठेवला.

"म्हणजे," तो म्हणाला, "इतके महिने मी सहा किलो वाळू वर नेत होतो आणि खाली आणत होतो?"

"हो."

"रोज."

"हो रे."

"आणि तू माझ्याशी डबा वाटून खात होतीस."

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. "शिव्या उद्या देईन, आज हात दुखतोय," तो म्हणाला. "पण एक सांगतो. तू फोनवर बसलीस आणि त्यांनी माझ्या गळ्यात दुसऱ्या पाळीतला तो ढेरपोट्या मारला, तर मी नोकरी सोडीन. काय करायचं ते तुझं तू बघ."

सोमवारी सकाळी मुंगी फोनच्या खोलीत गेली नाही. ती अंगणात गेली. टोळ उघडून उभा केला, पक्कड घेतली आणि एकेक करून चारही सीलं तोडली. ड्रायव्हर जमले, फोनवरच्या दोघी खिडकीत आल्या. केंद्रप्रमुख बाहेर येऊन "अगं, अगं" करत राहिले. ती म्हणाली, "काटेवाल्या साहेबांना बोलवा. काट्यासकट."

साहेब आले तेव्हा दीरही आला होता. घाबरलेला, पण दाढी करून. मुंगीने बुचं उपटली आणि टोळ उलटा केला. वाळू धारेने फरशीवर पडत राहिली. कोरडी, बारीक, पिवळसर. पडायची थांबली तेव्हा अंगणात एक छोटा ढीग होता.

"हे काय आहे?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"तुमचे सहा किलो," मुंगी म्हणाली. "तुम्हाला वजन पाहिजे होतं, आम्ही भरलं. कल्पना माझी. भाऊजींनी नुसती भरली. फसवलं, ते मी फसवलं. पण त्या दिवशी वळणावर हीच वाळू खाली धावली आणि याचं मनगट मोडलं. माझा हात सुटला नव्हता."

"तुम्ही एका आजारी बाईचा जीव—"

"धोक्यात घातला. हो. त्याबद्दल जी शिक्षा द्याल ती घेईन, डोळे वर करणार नाही. पण आता ही रिकामी आहे. जशी बनवली होती तशी. तुमची कसोटी आहे ना पाचव्या मजल्यावरून? पुतळा नको. खरा माणूस द्या. मोडली, नाहीतर माझा हात सुटला, तर मी आपण होऊन फोनवर जाऊन बसते."

अंगणातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्या खुर्चीतून आत्ताच वाळू निघाली तिच्यात बसायची कुणाला हौस? साहेबांनी टोळाकडे बघितलं. मग कोट काढून काट्यावर ठेवला.

"दुसऱ्या कुणाला मी यात बसवणार नाही," ते म्हणाले. "मी बसतो."

हे मात्र त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे.

खालच्या बाजूला कोण? खांबाचा हात गळ्यात. "मी धरतो," दीर म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही कधी माणूस उचललाय?"

"वहिनी, खुर्ची माझी आहे."

"खुर्ची तुमची, साहेब माझे. मी सांगीन तेव्हाच पाऊल टाकायचं. तोंड बंद."

केंद्राच्या पाचव्या मजल्यावर साहेबांना टोळात बांधलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दिराने तोंड बंद ठेवलं. खांब पुढे उलटा उतरत होता, मोकळा हात दिराच्या पाठीशी धरून, आणि दिराला पायरी सांगत होता. पहिल्याच जिन्यात टोळ वाकला. साहेबांचे हात कडेला घट्ट आवळले.

"हलतेय."

"हलू द्या. अंग सैल सोडा, साहेब. तिच्याशी भांडू नका."

वळण आलं. त्यांनी खुर्ची आडवी केली, फिरवली, कलवली. मुंगीचे तळवे ऐकत होते. काही धावलं नाही. नळ्यांत नुसती हवा होती, आणि हवेला घाई नव्हती. दुसरं वळण. तिसरं. दिराच्या कपाळावरून घामाच्या धारा, मान लाल, पण पाऊल बरोबर. मुंगीला तिच्या पाठीत नुसता माणूस लागत होता. भरभक्कम, घाबरलेला, जरा जास्त जेवणारा एक माणूस. त्याच्यावर एक किलोही वरचा नाही. हे वजन ती उचलू शकत होती. हेच तर तिचं काम होतं. चौथ्या वळणानंतर साहेबांनी कडा सोडल्या आणि हात मांडीवर ठेवले. अंगणात आल्यावर तिने "टेका" म्हटलं आणि टोळ आवाज न करता जमिनीला लागला.

साहेब लगेच उठले नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी नळीवरून हात फिरवला, आणि मग, कुणी बघत नाही असं वाटून, नखाने एक टिचकी मारली.

"चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "पण नियम मी एकटा बदलू शकत नाही. वर विचारावं लागेल."

"वर कुणाला?" मुंगी म्हणाली. "आत्ता वरूनच तर आणलं तुम्हाला."

ड्रायव्हरांत हशा पिकला. फोनवरच्या दोघी खिडकीत टाळ्या पिटायला लागल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते उठले, कोट घातला, काटा गाडीत ठेवायला निघाले. मुंगी त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्यांच्या खांद्यालाही ती लागत नव्हती.

"साहेब, थांबा. नियमाचं वर विचारा, आठवडा घ्या, महिना घ्या. मला काय शिक्षा द्यायची तेही वर विचारा. पण एक गोष्ट वर कुणालाच ठाऊक नाही. ती तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही आत्ता त्या खुर्चीत होतात आणि दांड्या माझ्या हातात होत्या. या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात, मुंगीचा हात सुटला. आता यांच्यासमोरच सांगा. सुटला होता का? हो की नाही, साहेब? बोला."